कोरं अंदाजपत्रक

शाहनवाजभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बसल्या जागी झोपलेत असंच मला वाटलं. डोळे उघडे, हातात पेन, पुढ्यात रजिस्टर, आणि नजर खिडकीबाहेर. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची टाकी, टाकीमागे तुरीचं शेत, शेतामागे आभाळ. मी आवक-जावकच्या टेबलावर नवीन होते आणि त्यांच्या सहीसाठी पत्र घेऊन उभी होते. दोनेक मिनिटं तशीच गेली. मग मान न वळवता ते हळू आवाजात म्हणाले, "बसा ताई. मी इथंच आहो."

अकोल्याच्या बाहेर एका ट्रस्टचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाव सांगत नाही, गरज नाही. त्याच्या लेखा शाखेत ते एकोणीस वर्षं वरिष्ठ लिपिक. घर पातूरला. बायको माहेनूर शिवणकाम करायची, मुलगी नगमा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. रोज सकाळी आठची एसटी, आणि खिडकीची जागा मिळाली की हा माणूस कुठल्या कुठे निघून जायचा. एकदा स्थानकावर उतरायचं विसरून डेपोत पोचले. तिथे बस धुणाऱ्यानं त्यांना हलवून विचारलं, "चाचा, तुमालेबी धुऊ का?" हा किस्सा त्यांनीच मला सांगितला होता, हसत.

कार्यालयात त्यांना 'खयाली' म्हणत. पण कामात चूक सापडायची नाही. दर जानेवारीत महाविद्यालयाचं वर्षाचं अंदाजपत्रक तेच तयार करत. रीत ठरलेली: मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यावर दहा टक्के चढवायचे, शेवटच्या पानावर बेरीज जुळवायची. विभागप्रमुख न वाचता सह्या करत. असे त्रेसष्ट खर्च होते, आणि त्या त्रेसष्ट ओळींपलीकडे शाहनवाजभाईंना महाविद्यालय ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांत ते वाचनालयात गेले नव्हते, वसतिगृहाच्या मागे गेले नव्हते. शरीररचना विभाग म्हणजे त्यांच्यासाठी ओळ क्रमांक चौदा.

"मले कधीकधी वाटते," ते एकदा चहा पिताना म्हणाले, "की हे सारं कोनं तरी मले सांगितलेलं आहे. मी पायलेलं काहीच नाई."

मग गीतांजली मॅडम आल्या. अमरावतीच्या, चाळिशीच्या, आधी दवाखान्यांची हिशेब तपासणी करायच्या. ट्रस्टनं अंदाजपत्रकासाठी नवी संगणक प्रणाली घेतली होती आणि ती बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या गाडीनं यायच्या. संगणक आम्हाला नवा नव्हता. आधीही आकडे त्यातच टाकत होतो, फक्त वहीतलं उचलून तिथे. पण ही प्रणाली उघडली तेव्हा शाहनवाजभाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मॅडम, मागच्या सालचा आकडा काहून दिसत नाई?"

"मीच बंद करून ठेवलाय," गीतांजली मॅडम म्हणाल्या.

"मंग दहा टक्के कशावर चढवू?"

"चढवायचेच नाहीत. प्रत्येक ओळ कोरी आहे. काम काय, किती वेळा, किती लागतं, आणि इथे शेवटी कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवलात तर ती ओळ साठवलीच जाणार नाही."

"कारन कोन सांगनार?"

"ज्यांना ते काम करावं लागतं ते. तुम्ही जाऊन विचारायचं." आणि त्यांनी एक टॅबलेट त्यांच्या हातात ठेवला.

लेखाधिकारी साहेबांना हे आवडलं नाही. फिरायला पगार देतो का आपण, असं ते माझ्यासमोर म्हणाले. पण आदेश वरून होता. दुसऱ्या दिवसापासून शाहनवाजभाई सकाळी दहाला सही करून निघायचे आणि जेवायच्या सुट्टीलाच दिसायचे.

ते सहा आठवडे त्यांच्या आयुष्यातले वेगळेच होते. ते कुठे काय विचारत, मला माहीत नाही. पण संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लांबच्या गावाहून आल्यासारखा असे. वसतिगृहामागे दोनशे पांढरे अॅप्रन एकाच वेळी वाळत असतात आणि वारा आला की सगळे एकदम एका अंगावर झोपतात, हे त्यांनी मला सांगितलं. शरीरक्रिया विभागात एक घड्याळ आहे, त्याला फक्त सेकंदकाटा आहे, नाडी मोजायला. सूक्ष्मदर्शकातून त्यांना एका मुलीनं स्वतःच्या रक्ताचा थेंब दाखवला. "गुलाबी चकत्या होत्या ताई. पान्यात सोडलेल्या बताशावानी. मी पायतच रायलो, तिचा तास संपून गेला."

कारणांच्या रकान्यात आम्हा कारकुनांची भाषा ठरलेली असते. 'आवश्यक', 'तातडीचे', 'नियमित'. शाहनवाजभाईंनी तसं लिहिलंच नाही. वाचनालयाच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: 'दुपारी तीन वाजता ऊन सरळ टेबल क्रमांक सातवर येते. मुले टेबल सरकवत सरकवत भिंतीपर्यंत नेतात आणि चारनंतर परत आणतात. पडदा हवा.' लेखाधिकारी साहेब म्हणाले, हे काय लिहिलंय. गीतांजली मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "राहू द्या. पडदा किती मीटर तेही लिहिलंय त्यांनी खाली."

शरीररचना विभागात ते सगळ्यात शेवटी गेले. मुद्दाम मागे ठेवला होता, असं नंतर कबूल केलं.

तिथले परिचर देवराव एकतीस वर्षं त्याच दालनात काम करत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी दार उघडलं. आत गारवा, डोळ्यांना झोंबणारा औषधी वास, आणि छताजवळच्या झरोक्यांतून उतरलेला उजेड, धुक्यात उतरावा तसा. आठ टेबलं. सहा रिकामी. दोन टेबलांवर पांढरी चादर. शाहनवाजभाई उंबऱ्यातच थांबले आणि त्यांचे ओठ हलले. दुआ पुरी झाल्यावर देवराव म्हणाले, "भेव नका जी. हे आपले गुरुजी होत. पोट्टे पयले हात जोडतात, मंगच चादर काढतात."

"दोनच?" शाहनवाजभाईंनी विचारलं. "आन् पोट्टे किती?"

"दीडशे."

टॅबलेटवर त्यांनी औषधं लिहिली, हातमोजे लिहिले, टेबलांचे नळ लिहिले. मग नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, आणखी काही राहिलं का. देवराव कपाटाकडे वळले.

"एक आहे. पन ते तुमच्या मशिनीत बसत नाई."

त्यांनी कपाटातून एक शाळेची वही काढली. तीन वर्षांत चौऱ्याहत्तर माणसांनी देहदानाचे अर्ज भरले होते. त्यांतले बारा गेल्या वर्षभरात वारले आणि घरच्यांनी फोन केला. प्रत्यक्षात पाच आले. उरलेल्या सात नावांपुढे देवरावांनी एकच शब्द लिहिला होता: गाडी.

"फोन मीच उचलतो," देवराव म्हणाले. "लोक म्हन्तात, गाडी पाठवा. मी म्हन्तो, आमच्याकडे गाडी नाई, तुमीच आना. साहेबाले विचारलं होतं. ते म्हन्ले, तरतूद नाई."

शाहनवाजभाईंना आठवेना की असं कोणी कधी लेखा शाखेत विचारलं होतं. कदाचित विचारलं असेल आणि त्यांनीच 'तरतूद नाही' असं टंकून पाठवलं असेल.

त्या सातांपैकी एक नाव त्यांनी लिहून घेतलं. नत्थुजी, राहणार अंजनगाव सुर्जी. कारण लिहायचं तर नीट विचारूनच लिहायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. रविवारी पहाटेच्या बसनं अकोल्याला आले आणि तिथून दर्यापूरमार्गे अंजनगावला गेले.

नत्थुजी बाजार समितीत मापारी होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं धान्य मोजलं. त्यांची बायको पार्बताबाई घरासमोर वाल सोलत बसली होती. कुठून आलात म्हटल्यावर तिनं हात पुसले आणि आत जाऊन चहा ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता, जसं काल घडलेलं नसून कुठल्या तरी जुन्या गावात घडलेलं.

"वैशाख होता. सकाळी साहाले गेले. मी पोराले म्हनलं, पयले कालेजात फोन लाव. ते म्हन्ले, तुमी आना. गावातला एक गाडीवाला म्हने, मुडदा इतका दूर मी नाई नेत. दुसरा म्हने आठ हजार घेईन. जमवू-जमवू म्हन्ता दुपार झाली. बरफ वितळून गेला. मंग म्हातारे लोक म्हन्ले, बाई, आता बस झालं. नेलं मंग आमी मोक्षधामावर."

"तुमाले राग आला असन," शाहनवाजभाई म्हणाले.

"कोनाचा? फोनवरचा मानूस तर रडून रायला होता बिचारा."

तिनं पत्र्याच्या डब्यातून देहदानाचं कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं. "हे खिशातच ठेवत. चौथी नापास होते ना. लोकाईले सांगत, मेल्यावर मी डाक्टरीच्या कालेजात जानार हाओ. मी म्हनो, जा बाप्पा, तिथं तरी पास व्हा." आणि ती थोडी हसली.

परतीच्या बसमध्ये शाहनवाजभाईंना नेहमीसारखं कुठे जाता आलं नाही. बाहेर पानपिंपरीचे मळे गेले, केळी गेल्या, सूर्य उतरत गेला, आणि ते जागेच राहिले. दर्यापूरला त्यांनी टॅबलेट काढला आणि नवी ओळ उघडली. काम: देहदात्यांना घरून आणणे. किती वेळा: वर्षाला अंदाजे पंधरा. खर्च: एक लाख वीस हजार. कारणात लिहिलं: 'माणूस स्वतःला देऊन जातो. त्याला आणायला आपण गेले पाहिजे.'

सोमवारी लेखाधिकारी साहेबांनी ती ओळ पाहिली.

"असा खर्च आपल्याकडे कधी नव्हता."

"हो जी. म्हूनच लिवला."

"पैसे कुठून आणता? एकूण रक्कम ट्रस्टनं ठरवून दिलीय. एक ओळ वाढली की दुसरी कमी करावी लागेल. कोणती करू सांगा."

उत्तर प्रणालीतच होतं. ज्या ओळींना कोणत्याच विभागानं कारण दिलं नव्हतं, त्या गीतांजली मॅडमनी एका बाजूला लाल रंगात काढून ठेवल्या होत्या. अशा नऊ होत्या. आठ किरकोळ. नववी होती जुन्या क्ष-किरण यंत्राची वार्षिक देखभाल, तीन लाख बावीस हजार.

शाहनवाजभाई चौकशीला पुन्हा क्ष-किरण विभागात गेले. तिथल्या तंत्रज्ञानं त्यांना मागच्या खोलीत नेलं. खोली रिकामी होती. फरशीत चार बोल्ट उभे होते आणि त्यांच्यामध्ये धुळीत एक स्वच्छ चौकोन, जणू तिथे कोणीतरी नमाजाची चटई अंथरून नुकतंच उठून गेलं होतं. यंत्र भंगारात जाऊन सहा वर्षं झाली होती.

सहा वर्षं देखभालीचा खर्च चालू होता. पहिल्या वर्षी दोन लाख, मग दरसाल दहा टक्के वर. तरतूद आहे म्हणून बिल मंजूर, आणि बिल आलं म्हणून पुढच्या वर्षी तरतूद. देखभाल करणारी कंपनी मुकाट्यानं बिलं पाठवत होती. आणि प्रत्येक वर्षीच्या त्या ओळीवर अक्षर शाहनवाजभाईंचं होतं.

दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं नेहमीचं ध्यान लागलंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी माहेनूरला सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. पाय न थांबवता तिनं सगळं ऐकलं, मग थांबवला.

"बता दो," ती म्हणाली. "छुपाओगे तो रोज बस में बैठ के यही सोचते रहोगे. नगमा की फीस का मैं देख लूँगी."

अधिष्ठात्यांच्या दालनात त्या दिवशी मी होते, पत्रांची फाइल घेऊन. गीतांजली मॅडम होत्या, लेखाधिकारी साहेब होते. शाहनवाजभाई उभे राहूनच बोलले. सहा वर्षांचे सहा कागद त्यांनी टेबलावर एकापुढे एक मांडले.

"हे मीच लिवलं, सर. दर साली. यंत्र आहे का नाई, ते मी कधी पायलं नाई."

अधिष्ठात्यांनी कागद पाहिले. मग विचारलं, "तुम्ही ही ओळ नुसती काढून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. हे सांगायला का आलात?"

"गाडीची ओळ त्याच पैशातून येऊन रायली ना जी. ते पैसे आले कुठून, याचं कारन मंग मी काय लिवलं असतं?"

गीतांजली मॅडम खिडकीकडे पाहत होत्या.

निकाल पंधरा दिवसांनी आला. शाहनवाजभाईंना लेखी ताकीद देणारं ज्ञापन मिळालं आणि त्यांची एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली गेली. बिलं मंजूर करणाऱ्या लेखाधिकाऱ्यांनाही ज्ञापन मिळालं. ते पुढे बरेच महिने शाहनवाजभाईंशी कामापुरतंच बोलले. कंपनीचा करार रद्द झाला. पत्रावर पत्रं गेल्यावर तिनं दोन वर्षांची रक्कम परत केली, बाकीची नाही. नगमानं त्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलींच्या शिकवण्या घेतल्या. आणि एक लाख वीस हजारांची ओळ, कारणासकट, जशीच्या तशी मंजूर झाली.

पहिला फोन भाद्रपदात आला, सकाळी साडेसातला. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून. कौशल्याबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका गेल्या होत्या. गाडी ठरवलेली होती, चालक तयार होता. देवरावांनी शाहनवाजभाईंना बसस्थानकावरच गाठलं. "येता का? तुमचीच गाडी हाय ही."

त्या प्रवासाबद्दल त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आली होती, पिवळी आणि गुलाबी. गाव रस्त्यावर येऊन उभं होतं. कौशल्याबाईंनी ज्यांना शिकवलं ते आता आजोबा झालेले, डोक्यावर टोप्या, हात बांधून उभे, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. मुलगा पुढे आला आणि हळूच विचारलं, पैसे किती द्यायचे. देवराव म्हणाले, काही नाई. मुलाला ते समजलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

घरापासून गाडीपर्यंत बरंच अंतर होतं, गल्ली अरुंद होती. शाहनवाजभाईंनी मुलाला विचारलं, "मी खांदा देऊ का? आमच्यात मय्यतीले चाळीस पावलं तरी खांदा द्या म्हन्तात." मुलगा बाजूला सरला. चाळीस झाली, पन्नास झाली, मग ते मोजायचं विसरले आणि गाडीपर्यंत गेले.

महाविद्यालयाच्या दारात पहिल्या वर्षाची मुलं दोन रांगा करून उभी होती. कोणी सांगितलं होतं, कळलं नाही. वारा होता, अॅप्रन फडफडत होते. शिक्षिकाबाई त्या दोन रांगांमधून आत गेल्या.

वर्षअखेरीला देवरावांच्या वहीतले आकडे प्रणालीत चढले. चौदा फोन, तेरा आले. चौदाव्या वेळी पूर्णेला पूर होता आणि गाडी पुलाच्या अलीकडे तीन तास थांबून परत आली. तेही शाहनवाजभाईंनी कारणात लिहिलं, पुलावरून पाणी किती होतं त्यासकट. दरमहा कोणत्या विभागाचे किती पैसे उरले, ते आता प्रत्येकाला आपल्या मोबाइलवर दिसतं. मार्च आला की घाईघाईनं खुर्च्या विकत घ्यायची पद्धत त्यामुळे बरीच कमी झाली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या जानेवारीचं. कोरं अंदाजपत्रक उघडलं आणि विभागांकडून कारणं आपोआप येऊ लागली. शरीरक्रिया विभागाच्या प्राध्यापकांनी बेडकांच्या एका टाकीवर दीड पान लिहिलं. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी लिहिलं की मुलं परीक्षेच्या आधी गच्चीवर बसून मोठ्यानं वाचतात आणि तिथला कठडा गुडघ्याइतकाच आहे. लेखाधिकारी साहेबांनीही एक ओळ टाकली होती, आपल्या पाठीच्या दुखण्याबद्दल, खाली खुर्चीची किंमत.

शाहनवाजभाई दिवसभर ते वाचत बसत. चहा गार होऊन जायचा. चौथ्या दिवशी अमरावतीहून गीतांजली मॅडमचा फोन आला, बेरीज झाली का म्हणून.

"बेरीज उद्या करतो जी," ते म्हणाले. "आज वाचून रायलो."